कॉल कापून पुन्हा लावला की नीट का चालतो?

व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा अचानक गोठतो, आवाज तुटक येऊ लागतो. वाय-फाय नीट असते. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर चित्रपट विनाअडथळा चालू असतो. वैतागून कॉल कापावा आणि लगेच पुन्हा लावावा, तर सगळे सुरळीत! असे होण्याची कारणे अनेक असतात. त्यातले एक मात्र घरापासून फार दूर, इंटरनेटची वाहतूक सांभाळणाऱ्या मोठ्या राउटरांमध्ये दडलेले असते.

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून पाठवली जाते. एका पॅकेटात साधारण १५०० बाइट मावतात. म्हणजे ३ एमबीचा एक फोटो पाठवायचा तर सुमारे २००० पॅकेटे लागतात. दोन मोठ्या राउटरांमध्ये बहुधा एकच तार नसते. क्षमता वाढावी आणि एक तार बंद पडली तरी काम अडू नये, म्हणून चार, आठ किंवा त्याहून अधिक समांतर जोडण्या असतात. मग कोणते पॅकेट कोणत्या जोडणीवरून पाठवायचे, हे कसे ठरते?

खेळातले पत्ते वाटतात तशी पॅकेटे एकेक करून वाटणे सर्वांत सोपे. पण त्यात एक अडचण आहे. प्रत्येक जोडणीवर लागणारा वेळ थोडाफार वेगळा असल्याने पाचवे पॅकेट दुसऱ्याच्या आधी पोहोचू शकते. वेबसाइट आणि डाउनलोडसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीसीपी या पद्धतीत पॅकेटांच्या क्रमाला फार महत्त्व असते. 'दुसरे पॅकेट अजून आले नाही' हीच पोच घेणाऱ्याकडून वारंवार आली, की पाठवणारा ते हरवले असे समजतो, पुन्हा पाठवतो आणि पुढे गर्दी असावी या अंदाजाने आपला वेग कमी करतो. हरवलेले काहीच नसते. तरी डाउनलोड रेंगाळते.

म्हणून राउटर पॅकेटे वाटत नाही, संभाषणे वाटतो. प्रत्येक पॅकेटावर पाच गोष्टी वाचता येतात: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक आणि संदेशवहनाची पद्धत. या पाच गोष्टी एका गणिती सूत्रातून काढल्या की एक आकडा मिळतो. हेच हॅशिंग. चार जोडण्या असतील तर त्या आकड्याला चारने भागायचे; बाकी शून्य, एक, दोन किंवा तीन उरते, त्यावरून जोडणी ठरते. एका संभाषणातल्या सर्व पॅकेटांवर त्या पाच गोष्टी सारख्याच असल्याने उत्तरही तेच येते आणि ती सगळी एकाच वाटेने, क्रमाने जातात. लाखो संभाषणांची नोंदवही ठेवण्याची राउटरला गरजच उरत नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. प्रत्येकी १० गिगाबिटच्या चार जोडण्या मिळून ४० गिगाबिट होतात खऱ्या, पण एका संभाषणाला १० पेक्षा जास्त वेग मिळू शकत नाही. शिवाय हॅशिंगला कोणते संभाषण मोठे आणि कोणते किरकोळ हे कळत नाही. चार अवजड संभाषणे चार जोडण्यांवर विभागायची असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र जोडणी येण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के असते. बहुतेक वेळा एका जोडणीवर गर्दी होते आणि दुसरी मोकळी राहते.

खरी पंचाईत होते ती एखादी जोडणी पूर्ण बंद न पडता अर्धवट बिघडली की. ती चालू असल्याचे दिसते, पण मधूनच पॅकेटे गाळते. ज्यांचे संभाषण त्या वाटेवर पडले, तेवढ्यांनाच त्रास होतो. तपासायला 'पिंग' करावे, तर त्या पॅकेटांना पोर्ट क्रमांकच नसतात. त्यामुळे ती वेगळ्याच, निरोगी वाटेने जाऊन 'सर्व ठीक' असे सांगू शकतात. वाट शोधणाऱ्या जुन्या 'ट्रेसराउट' साधनाची पॅकेटेही अशीच वेगवेगळ्या वाटांवर विखुरत आणि प्रत्यक्षात नसलेला मार्ग दाखवत. म्हणून २००६ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी 'पॅरिस ट्रेसराउट' तयार केले. ते राउटर ज्या गोष्टी पाहतो त्या स्थिर ठेवते, त्यामुळे एकच वाट शेवटपर्यंत तपासता येते.

आता सुरुवातीच्या कॉलकडे पाहू. कॉल पुन्हा लावला की मोबाइल बहुधा नवा पोर्ट क्रमांक घेतो. पाचपैकी एक गोष्ट बदलली, की सूत्राचे उत्तर बदलते आणि संभाषण दुसऱ्या, धडधाकट जोडणीवर जाण्याची शक्यता निर्माण होते. ही युक्ती आता संगणकही वापरतात. पलीकडून पोच येणे थांबले, की पाठवणारा संगणक पॅकेटावरचे एक लहानसे लेबल स्वतःच बदलतो. हे लेबल हॅशिंगमध्ये धरले जात असेल, तर संभाषण न तुटता त्याची वाट बदलते. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या जाळ्यात ही पद्धत वापरून तिचे अनुभव २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. वैतागून कॉल कापणारे बोट जे करते, तेच काम तिथे संगणक करतो, तेही कॉल न कापता.