बाळ गप्प आहे की रमले आहे?

नोकरी करणाऱ्या आईचा संध्याकाळी घरात शिरताना बाळ सांभाळणाऱ्या बाईंना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "त्रास नाही ना दिला आज?" उत्तरही ठरलेले : "नाही हो ताई, अगदी शांत होता दिवसभर." आईला हायसे वाटते. मला बालरोगतज्ज्ञ म्हणून हे उत्तर ऐकले की आणखी दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. आठ-दहा महिन्यांचे निरोगी मूल दिवसभर शांत नसते. ते हुंकारते, वाटी आपटते, कंटाळले की भोकाड पसरते. ते गप्प राहिले असेल तर कशामुळे, हे पाहायला हवे.

हा संशय उगाच नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत बायका कामाला जात, त्या काळी तान्ह्या मुलांना अफू घातलेली 'बाळागोळी' देऊन निजवून ठेवण्याची रीत होती. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२ साली गिरणी कामगार स्त्रियांविषयी जो अहवाल दिला, त्यात ही रीत जवळजवळ घरोघरी असल्याचे नमूद आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. दिवसभर साच्यावर उभे राहायचे आणि मूल कोणाच्या तरी भरवशावर टाकायचे, तर दुसरे करणार काय?

अफू गेली, पण मूल गप्प करण्याची युक्ती गेलेली नाही. सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असते, त्याने गुंगी येते. "सर्दी नव्हती, पण दिले की दुपारी छान झोपतो," असे मी दवाखान्यात ऐकले आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे एकत्र औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, असे कळवले. दुसरी युक्ती मोबाइलची. एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले. पण जेवताना कार्टून लावले की घास मुकाट्याने आत जातात, मग कोण ऐकतो!

आमच्या तालुक्याच्या गावी एक मावशी आहेत. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बाई अशा कितीतरी जणींची मुले त्यांनी वाढवली. त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. बाळाला हात लावण्यापूर्वी त्या बोलतात. "आता लंगोट बदलायचा हं राजा, पाय उचल बघू," असे म्हणून क्षणभर थांबतात. आणि खरोखर, सात महिन्यांचे पोर पाय उचलते! वाटी घेऊन त्या अंगणभर मुलामागे फिरत नाहीत. मांडी घालून बसतात, भरवतात, त्याने दोनदा तोंड फिरवले की वाटी बाजूला. उरलेला वेळ मूल जमिनीवर गोधडीवर. जवळ कापडी चेंडू, स्टीलची वाटी, लाकडी चमचा. आपणहून बसायला येईपर्यंत त्या उशा लावून बसवत नाहीत आणि वॉकर घरात येऊ देत नाहीत. (वॉकरसह जिन्यावरून गडगडून मुलांची डोकी फुटतात म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे अजून बारशाला भेट म्हणून येतो.) मोरीतली बादली वापर झाला की पालथी. शेंगदाणे, फुटाणे वरच्या फळीवर.

मावशींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. पण नेमके हेच हंगेरीतल्या डॉ. एमी पिक्लर सांगत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, त्यांनी बुडापेस्टमध्ये निराधार बाळांसाठी बालगृह चालवायला घेतले. मुले पुष्कळ, सांभाळणारे हात थोडे. प्रत्येकाला दिवसभर कडेवर घेणे अशक्य. म्हणून त्यांनी नियम घातला : आंघोळ, दुपटे बदलणे आणि भरवणे या वेळी घाई करायची नाही, बाळाशी बोलायचे, लक्ष पूर्ण त्याच्याकडे. एवढे मिळाले की मग ते एकटे निवांत खेळते. असे रमलेले मूल वेगळे आणि गुंगवलेले वेगळे. रमलेल्या मुलाला हाक मारा, ते वळून पाहते, हसते, हात पुढे करते.

हा फरक ओळखण्यावर कधी जीव अवलंबून असतो. एका उन्हाळ्यात मावशींनी दुपारी बारा वाजता मुलाच्या आईला शाळेत फोन केला. "ताई, आज हा रडत नाही, मला हे बरे दिसत नाही." रोज कांगावा करणारे दहा महिन्यांचे मूल. सकाळपासून पाच-सहा पातळ जुलाब, लघवी झालेली नाही, डोळे खोल गेलेले, हाक मारली तरी मान वळवत नव्हते. मावशी तोपर्यंत जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजत होत्या. मूल माझ्याकडे आणले, लगेच सलाईन लावले, संध्याकाळी त्याने हंबरडा फोडला तेव्हा आम्हा सर्वांना बरे वाटले. सकाळचे 'शांत आहे' संध्याकाळपर्यंत चालू दिले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग बायका 'शांत होता' असे का सांगतात? काम जाईल या भीतीने. मूल दीड तास रडले, असे खरे सांगणाऱ्या बाईवर आपण डोळे वटारतो आणि पुढच्या महिन्यात दुसरी शोधतो. पगार धुण्याभांड्यांइतका, रजा नाही, वर उपकाराची भाषा. खरे ऐकायचे असेल तर प्रश्न बदलावा : किती वेळा लघवी झाली, काय खाल्ले, कशाने रडला, कशाशी खेळला. रडला म्हटल्यावर रागावू नये. बाईंना ताप-खोकला असेल तर पगारी रजा द्यावी, ते बाळाच्याही हिताचे आहे.

जलसंजीवनीची पुडी घरात असावी. पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावी, अंदाजाने अर्धी-पाव करू नये, आणि उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. आईचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. एखादे औषध चालू असेल तर त्याचे नाव, किती मिली आणि किती वाजता हे कागदावर लिहून द्यावे. बाईंना वाचता येत नसेल तर मापाच्या टोपणावर नेलपॉलिशची रेघ ओढावी. कागदावर नसलेल्या बाटल्या कपाटात कुलपात.