विश्लेषण : चालू राउटरमधली मार्ग शोधण्याची पद्धत बदलता येते का?

बीडच्या दुकानात ग्राहकाने क्यूआर कोड स्कॅन केला, की त्या व्यवहाराची माहिती लहान पॅकेटच्या रूपात अनेक राउटरमधून जाते. प्रत्येक राउटरपुढे एकच प्रश्न असतो : हे पॅकेट पुढे कुठे पाठवायचे? उत्तर शोधण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यातली कोणती निवडावी आणि सेवा बंद न ठेवता ती कशी बदलावी?

मार्ग शोधतात कसा?

पिनकोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या संकल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाला. बीडचा पिनकोड ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७. दूरच्या टपाल केंद्राला ‘४३१’ एवढे पुरते. जवळ आल्यावर पुढचे आकडे लागतात. राउटरच्या तक्त्यातही पत्त्यांचे असे सुरुवातीचे भाग असतात. एकाहून अधिक नोंदी जुळल्या, तर सर्वांत लांब जुळणारी नोंद ग्राह्य धरली जाते.

वेग किती लागतो?

१० गिगाबिटच्या जोडणीवर सर्वांत लहान पॅकेट आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख होतात. म्हणजे एकासाठी जेमतेम ६७ नॅनोसेकंद.

कोणती पद्धत कुठे?

छोट्या पुरवठादाराच्या तक्त्यात मोजक्याच नोंदी आणि ‘बाकी सगळे वरच्या कंपनीकडे’ अशी एक नोंद असेल, तर क्रमवार यादीत निम्मे-निम्मे करत शोधणे पुरते. जगभरातील सुमारे १० लाख मार्ग ठेवणाऱ्याला ते परवडत नाही. त्याच्यासाठी पत्त्याच्या पहिल्या २४ बिटांचा थेट तक्ता असतो. त्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक खाने असतात; पण उत्तर मेमरी एकदा, फार तर दोनदा वाचून मिळते. डीएक्सआर ही पद्धत हाच तक्ता आटोपशीर करून प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत बसवू पाहते.

चालू असताना बदल कसा?

२०२१ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १३ मध्ये ही सोय आहे. नोंदींची संख्या पाहून यंत्रणा स्वतः पद्धत निवडते. प्रशासकालाही ती ठरवता येते. जुना तक्ता काम करत असतानाच नवा शेजारी तयार होतो आणि पूर्ण झाल्यावर कारभार त्याच्याकडे जातो. पॅकेटचा मार्ग तोच राहतो, बदलतो फक्त शोधण्याचा वेग.

धोका कुठे?

बदलताना काही काळ दोन्ही तक्ते मेमरीत असतात. त्यामुळे जागा आधीच मोजावी लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली. काही जुन्या राउटरमध्ये नोंदींसाठी तेवढीच जागा राखलेली होती. अनेक ठिकाणी इंटरनेट अडखळले. म्हणूनच मोकळी मेमरी तपासून, वर्दळ कमी असताना बदल करणे आणि जुन्या पद्धतीवर परतण्याची वाट मोकळी ठेवणे शहाणपणाचे. सगळे नीट झाले, तर दुकानदाराला बदल कळणारही नाही.