हे खरे आहे काय?

महाराष्ट्र विधानमंडळाच्या तारांकित प्रश्नांची यादी वाचायचा मला नाद आहे. पहिली दोन पाने कंटाळवाणी वाटतात, मग त्यातली लय कानात बसते. प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर तेच पालुपद असते : सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? खाली क्रमांक घालून पाडलेले तुकडे. अमुक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र वर्षभर बंद आहे, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; चौकशीत काय आढळून आले; त्यानुसार कोणती कार्यवाही केली; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्याखाली उत्तर : हे अंशतः खरे आहे. आणि शेवटच्या तुकड्यापुढे बहुधा तीनच शब्द, प्रश्न उद्भवत नाही.

‘अंशतः खरे’ ही सरकारी मराठीची खास पैदास. यंत्र बंद होते, पण वर्षभर नव्हे, साडेअकरा महिने. झाले अंशतः! हे वाचून हसू येते खरे, पण त्याच उत्तरात कुणाला तरी ‘बंद होते’ हे लिहून द्यावे लागलेले असते. एरवी ते कुणीही लिहून दिले नसते.

‘तारांकित’ म्हणजे क्रमांकाशेजारी चांदणी असलेला प्रश्न. मंत्र्याने त्याचे उत्तर सभागृहात उभे राहून द्यायचे आणि त्यावर उपप्रश्न झेलायचे. अतारांकित प्रश्नाला नुसते लेखी उत्तर मिळते. घाईच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य ही हत्यारे वापरू शकतात. वापरतात किती, हा पुढचा मुद्दा.

या प्रश्नयंत्रणेचे खरे काम बव्हंशी सभागृहाबाहेर होते. आमदाराने दिलेली सूचना आधी विधानमंडळ सचिवालयाच्या चाळणीतून जाते. प्रश्नात आरोप नको, टोमणा नको, स्वतःचे मत नको, न्यायप्रविष्ट बाब नको. स्वीकृत झाला की तो मंत्रालयात संबंधित विभागाच्या कार्यासनावर येऊन पडतो आणि तिथून खाली घरंगळू लागतो. जिल्ह्याच्या कचेरीत त्याला कुणी तारांकित प्रश्न म्हणत नाही, ‘एलएक्यू’ म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ एवढे कानावर पडले की मंजूर झालेल्या रजाही धोक्यात येतात. जिल्हा शल्य चिकित्सक वैद्यकीय अधीक्षकाला फोन करतात, अधीक्षक लिपिकाला हाक मारतात, आणि कपाटातली नस्ती कित्येक महिन्यांनी टेबलावर येते. यंत्र कोणत्या तारखेला बंद पडले, दुरुस्तीचे पत्र कधी गेले, देखभालीचा करार कधी संपला, नव्या करारासाठी पैसे कुणी अडवले, हे सगळे एका कागदावर मांडावे लागते. तो कागद जिल्ह्यातून संचालनालयात, तिथून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढत मंत्र्यापर्यंत जातो.

या चढउतारात पुष्कळदा एक गंमत घडते. उत्तर मंत्रालयात पोचायच्या आत तंत्रज्ञ येऊन यंत्र दुरुस्त करून जातो. म्हणजे मग लिहिता येते : सद्यःस्थितीत यंत्र कार्यान्वित आहे. आमदाराला सभागृहात तोंड उघडायची संधीही मिळत नाही, पण गावातल्या माणसाचा मोडका हात तालुक्यालाच तपासला जातो. एवढ्या स्वस्तात होणारे दुसरे सरकारी काम मला माहीत नाही.

अर्थात सभागृहातला प्रश्नोत्तराचा तास ही वेगळीच कला आहे. छापील प्रश्नाच्या उत्तराला खात्याकडे काही आठवडे असतात, उपप्रश्नाच्या उत्तराला मंत्र्याकडे काही क्षण. म्हणून मुरलेला आमदार हातातला पक्का कागद छापील प्रश्नात दाखवत नाही, उपप्रश्नासाठी राखतो. मंत्र्यापुढे खात्याने बांधून दिलेली टिपणी असते, संभाव्य उपप्रश्न नि त्यांची उत्तरे मांडलेली. टिपणीबाहेरचा प्रश्न आला की अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या सुटतात. चिठ्ठी वेळेवर आली नाही तर ‘माहिती घेऊन पटलावर ठेवतो’ म्हणावे लागते; उत्तर फारच लंगडे असेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. आणि ‘तपासून घेऊ’, ‘कार्यवाही करू’ असे मंत्री बोलून गेला, तर ते शब्द आश्वासन समितीच्या वहीत चढतात.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा विधानसभेत निवडून आले आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी त्यांनी केलेली चिकाटी ही घोषणांची नव्हती, अभ्यासाची होती. मृणाल गोरे १९७२ साली विधानसभेत आल्या, त्या ‘पाणीवाली बाई’ हे नाव आधीच कमावून. नळाला पाणी किती वेळ येते, हा राज्याच्या विधिमंडळात विचारण्याजोगा विषय आहे, हे अशा माणसांनी मराठी राजकारणाला शिकवले.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क कुणी हौसेने दिलेला नाही. ब्रिटिश अमलातली १८५३ नंतरची कायदे कौन्सिल कारभारावर प्रश्न करू लागली, म्हणून १८६१च्या कायद्याने तिचे तोंड बंद केले. समोर आलेल्या विधेयकापलीकडे बोलायचे नाही. १८९२ साली प्रश्न विचारण्याची आणि अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली, मतदानाची नाही, उपप्रश्नाची तर नाहीच. उपप्रश्न आला १९०९ साली, तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. बाकीच्या सदस्यांना तो मिळायला १९१९चा कायदा यावा लागला.

मतदानाचा हक्क नसताना नुसत्या बोलण्याने काय होते, हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवले. १९०२ साली वरिष्ठ कौन्सिलात अर्थसंकल्पावर त्यांचे पहिले भाषण झाले, वय पस्तीस. तिजोरीत शिल्लक पडते याचा सरकारला अभिमान होता. लोक दुष्काळाने खंगलेले असताना शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे, असा गोखल्यांचा मुद्दा होता. त्यामागची आकडेवारी गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मदतीने पारखून घेतलेली होती. पुढल्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. सगळे श्रेय एका भाषणाला देणे भाबडेपणा होईल. पण आकडा घेऊन उभे राहायची रीत मात्र तिथून पडली.

त्याच रीतीतले दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. १९२७ साली डॉ. आंबेडकर मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. इलाखा शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करतो आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करतो, हे त्यांनी समोर ठेवले. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शाळेवर घाला, ही मागणी. दोन आकडे शेजारी ठेवले की झाले; आवाज चढवायची गरज पडत नाही.

आजही खर्चावर विचारायची दारे बरीच आहेत. मागण्यांवर कपात सूचना देता येते. लोकसभेत तर हजारो कोटींच्या मागणीतून फक्त १०० रुपये कापा, अशी सूचना देऊन नेमके एक गाऱ्हाणे मांडता येते. पुरवणी मागण्यांवर चर्चा होते. महालेखापरीक्षकांचा अहवाल येतो आणि लोकलेखा समितीकडे जातो. पण हा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे पाहुणे निघाल्यावर वाढलेले जेवण. पुरवणी मागण्यांचे तर विचारूच नका. वर्षाचे अंदाजपत्रक ठरल्यावर पुन्हा पुन्हा हात पसरणे ही आता सवयच झाली आहे आणि सभागृह ती फार चिकित्सा न करता खपवून घेते.

प्रश्नाने काय होऊ शकते याचा देशातला नमुना १९५७चा. आयुर्विमा महामंडळ नुकतेच उभे राहिले होते. त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत एक कोटी २४ लाख रुपये घातले, हे प्रकरण लोकसभेत निघाले आणि सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधींनी ते तडीस नेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत खुल्या दालनात झाली, ऐकायला गर्दी लोटली. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विचारणारा विरोधकच असला पाहिजे असे नाही, हे यातून आपल्या सत्ताधारी बाकांनी शिकायला हवे होते.

उलट बाजूही लपवण्यासारखी नाही. प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५मध्ये संसदेच्या ११ सदस्यांना घरी पाठवले गेले. सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात साथीचे कारण देऊन संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच गाळला. पण एरवी तो बुडतो तो सदस्यांच्याच हातून. फलक, घोषणा, हौदात धाव, कामकाज तहकूब. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फलकाचे छायाचित्र येते. त्या तासात मरून गेलेल्या प्रश्नांची बातमी येत नाही. गोंधळ घालणाऱ्यांवर मंत्री वरून चिडतात, मनातून सुटकेचा श्वास सोडतात, अशी मला दाट शंका आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तर हे अधिकच खटकते. १९५३च्या नागपूर कराराला जागून डिसेंबरात मुंबईहून नस्त्यांचे गठ्ठे ट्रकांतून तिकडे जातात, बाहेर मोर्चे थंडीत ताटकळतात, आणि आत तास वाया जातो.

आता कुणी म्हणेल, माहितीचा अधिकार आल्यावर आमदाराच्या प्रश्नाची मातबरी ती काय? अर्जाला मिळतो तो कागद. उपप्रश्न विचारता येत नाही, मंत्र्याला उभे करता येत नाही. शिवाय २००५च्या कायद्यात एक सुंदर ओळ होती : जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये. नागरिकाला आमदाराच्या बरोबरीने बसवणारी ती ओळ २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वगळली. त्यामुळे आमदाराचा प्रश्न आपल्याला पूर्वीपेक्षा जास्तच लागणार आहे.

प्रश्नोत्तरांच्या याद्या छापल्या जातात, कुणालाही वाचता येतात. पुढल्या अधिवेशनाची यादी हाती आली तर आपल्या आमदाराचे नाव शोधा. नावापुढे कंसात मतदारसंघ दिलेला असतो, त्यामुळे चूक व्हायची नाही. तो मंत्री असेल तर नाव सापडणार नाही, मंत्र्यांनी फक्त उत्तरे द्यायची असतात. मंत्री नसेल आणि तरीही सापडले नाही, तर पुढच्या वेळी तो मते मागायला दारात येईल तेव्हा त्याला तेवढे विचारा.