रंगाखालची पद्मिनी

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून गेली. त्या आठवड्यात जुनी फियाट सांभाळणाऱ्या ओळखीच्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला: आता आपलीही भंगारात द्यायची का?

मुळीच नाही. ती मर्यादा टॅक्सीसाठी होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर आणि शुल्क भरून ती दर पाच वर्षांनी वाढवता येते. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राच्या असतात. महाराष्ट्रात गाडी तंदुरुस्त असेल तर ती चालवता येते.

तंदुरुस्त म्हणजे काय, इथे मात्र सर्वांत मोठा गैरसमज आहे. जुनी गाडी ‘रिस्टोअर’ करायची म्हणजे डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक करायची, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून छोट्या, याच कामात मुरलेल्या गॅरेजमध्ये गाडी महिनोन्‌महिने नुसती सांगाड्यासारखी उभी दिसली की मालक अस्वस्थ होतो. पण रंग हे शेवटचं काम आहे. खरं काम पत्र्याचं.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला बांधलेल्या पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. फरशी, दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्या, खांब, छत हे सगळं एकमेकांना जोडून जो डबा होतो, तोच गाडीचा सांगाडा. दाराखालच्या त्या पट्टीला सिल म्हणतात. तिच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी आतच साचतं आणि गंज पत्रा आतून बाहेर खात येतो. वर रंग शाबूत असतो, आत गंजाने चाळण झालेली असते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हे फार लवकर होतं. बॅटरीखालचा पत्रा, पायाखालची फरशी, डिकीचा तळ आणि काचेच्या रबराखालची कडा, या इतर नाजूक जागा.

सिल गंजली असेल तर पुट्टी भरून ती गुळगुळीत करता येते, आणि असं काम केलेल्या गाड्या विकायलाही येतात. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही. पुट्टी वजन पेलत नाही, अपघातात तर काहीच पेलत नाही. योग्य पद्धत म्हणजे गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा पत्रा वाकवून वेल्ड करायचा. तेही गाडीला नीट टेकू देऊन आणि दाराच्या चौकटीत आतून आधार ठोकून. आधाराविना सिल कापली की डबा मधून खचतो आणि मग दार लागत नाही. वेल्डिंगनंतर पोकळीत मेणाचा लेप फवारायचा, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. यातलं काहीही फोटोत दिसत नाही, पण गाडी किती वर्षं टिकेल ते यावरच ठरतं.

खर्चाचा आकडा पहिल्या दिवशी पक्का का सांगत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. जुना रंग खरवडेपर्यंत आतलं कोणालाच दिसत नाही. एकरकमी ठाम आकडा देणाऱ्यापेक्षा टप्प्याटप्प्याने हिशेब आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो देणारा मिस्त्री मला जास्त भरवशाचा वाटतो.

सुटे भाग मिळत नाहीत, हे पद्मिनीपुरतं बरंचसं खोटं आहे. इतकी वर्षं टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाचे भाग जुन्या बाजारात सापडतात, बुश वगैरे लेथवर करून घेता येतात. अडतं ते काचेच्या रबराशी आणि क्रोमशी. चांगलं क्रोम म्हणजे तांबं, निकेल आणि मग क्रोमचा अगदी पातळ थर. खालची तयारी कच्ची असेल तर बंपर लवकरच सोलवटतो.

आता हौसेच्या बदलांबद्दल. गाडी माझी, मी हवं ते बसवीन, असं कायदा मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर मंजुरी लागते, आणि रंगही बदलला तर आरसी बुकात नोंदवावा लागतो. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दुप्पट ताकदीचं इंजिन टाकून तेच ब्रेक ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. बदल करायचेच तर डोळ्यांना न दिसणारे आणि पुन्हा उलटवता येणारे करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवी वायरिंग, सीटबेल्ट. काढलेला मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

‘विंटेज’ हा शब्दही आपण सैल वापरतो. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच विंटेज ठरते. तिची नवी नोंदणी ‘व्हीए’ मालिकेत होते आणि दहा वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट या व्याख्येत बसते. पद्मिनी हे नावच १९७४ चं, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीला अजून बराच काळ थांबावं लागेल. आणि इंजिन बदललेलं असेल तर थांबूनही उपयोग नाही.

एक शेवटची गोष्ट, गॅरेजमधून गाडी घरी आल्यानंतरची. ‘जपायची’ म्हणून ती झाकून ठेवतात आणि आठवड्याला पाच मिनिटं जागेवरच इंजिन चालू करतात. यात नुकसान आहे. इंजिन पुरतं तापत नाही, ज्वलनातली वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि चाकांवरचे ब्रेक सिलिंडर जाम होतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेही ओल धरतं, जुनं रबर फुगवतं, टाकीतला गाळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून बसवतं. म्हणून पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारे घालून घ्या, आणि पंधरवड्यातून एकदा सकाळी रस्ता मोकळा असताना वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. परत आल्यावर ताडपत्री लगेच टाकू नका, बॉनेट गार होऊ द्या.