'क्रेडिट' झालं म्हणजे काय झालं?



योजनेचा हप्ता आला की मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. त्यात 'क्रेडिटेड' असेल तर पैसे आले, 'डेबिटेड' असेल तर गेले, एवढं आता बहुतेक जणींना पाठ झालंय. पण क्रेडिट या शब्दाचा मूळ अर्थ पैसे नाहीच. तो आहे विश्वास ठेवणं.

जुन्या रोमन लोकांची भाषा लॅटिन. तिच्यात 'क्रेदेरे' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ विश्वास ठेवणं, आणि विश्वासाने एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवणं. अशी सोपवलेली रक्कम म्हणजे 'क्रेदितुम', म्हणजे उसने दिलेले पैसे. इटालियन आणि फ्रेंच भाषांमधून हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. आजही एखादी गोष्ट पटेनाशी झाली, तर इंग्रज माणूस 'मी हे क्रेडिट करू शकत नाही' असं म्हणतो. त्यात पैशाचा संबंधच नसतो.

आम्हाला सगळ्यात गंमत वाटली ती पुढची. भाषांचे अभ्यासक सांगतात की लॅटिनमधलं 'क्रेदेरे' आणि आपल्या संस्कृतमधली 'श्रद्धा' ही एकाच कुळातली. म्हणजे बँकेच्या मेसेजमधला परका वाटणारा शब्द आपल्या श्रद्धेचा लांबचा भाऊबंदच निघाला! मराठीत कर्जाला 'पत' लागते म्हणतो, तीही माणसाच्या भरवशाचीच गोष्ट. 1992 साली नाबार्डने 500 बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा तारण म्हणून जमीन किंवा दागिने मागितले नव्हते. गटातल्या बायकांची एकमेकींवरची खात्री हीच पत धरली होती.

आता गटाच्या सचिवताईंना नेहमी पडणारा एक घोळ. आपल्या वहीत बँकेत भरलेले 2,000 रुपये बँकेच्या नावे, म्हणजे डेबिटला, लिहितात. पासबुकात मात्र तेच क्रेडिटला दिसतात. चूक कुणाचीच नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते. आपण विश्वासाने पैसे बँकेकडे ठेवले, म्हणून बँक आपलं देणं लागते आणि तिच्या वहीत आपण जमेच्या बाजूला बसतो. 'डेबिट'चं लॅटिन मूळही 'देणं लागणं' असंच आहे. आपल्या वहीत बँक देणेकरी, म्हणून ती डेबिटला.

या शब्दाचा गैरफायदा घेणारेही आहेत. 'तुमच्या खात्यात 5,000 रुपये क्रेडिटेड' असा खोटा मेसेज येतो, मग फोन येतो, "ताई, चुकून आले, परत पाठवा ना." बिचाऱ्याचा आवाजही रडवेला असतो. अशा वेळी मेसेजवर जाऊ नका. आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये, शाखेत किंवा बँकमित्राकडे शिल्लक बघा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देताना आणि शिल्लक बघताना लागतो. "पैसे मिळवायला पिन टाका" असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या नंबरवर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा.