यादीपासून कार्डापर्यंत

शाळेचे ओळखपत्र, ग्रंथालयाचे सभासदकार्ड, कारखान्याच्या फाटकावर दाखवायचा पास आणि बँकेचे डेबिट कार्ड यांचे माप बहुधा एकच असते: लांबी 85.60 मिलिमीटर, रुंदी 53.98 मिलिमीटर आणि जाडी 0.76 मिलिमीटर. हे माप 7810 क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले असून व्यवसायात ते ‘सीआर-80’ या नावाने ओळखले जाते. 1950 साली निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड पुठ्ठ्याचे होते. अमेरिकन एक्सप्रेसने 1959 मध्ये प्लास्टिकचे कार्ड आणले, आणि त्यानंतर दीर्घकाळ नाव व क्रमांक उठावाच्या अक्षरांत ठोकून घेण्याचीच पद्धत होती. प्रत्येक कार्ड रंगीत छायाचित्रासह वेगळे छापून देणारे, टेबलावर मावणारे यंत्र पुढे आले आणि ते काम मोठ्या संस्थांच्या हातून निघून गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोहोचले.

दुकानदार ज्याला नुसते ‘थर्मल प्रिंटर’ म्हणतात, त्यात द्रव शाई नसते. पातळ फितीवर, म्हणजे रिबनवर, पिवळा, किरमिजी, निळसर, काळा आणि पारदर्शक असे कार्डाएवढे पट्टे ओळीने मांडलेले असतात, आणि हेच पट्टे पुन्हा पुन्हा येतात. छपाईच्या हेडमध्ये एका इंचात 300 या प्रमाणात सूक्ष्म तापबिंदू बसवलेले असतात. बिंदू जितका तापेल तितका रंग पट्ट्यावरून उडून पीव्हीसीच्या पृष्ठभागात मुरतो. पहिले तीन रंग अशा रीतीने एकावर एक चढावेत म्हणून कार्ड हेडखालून पुन्हा पुन्हा मागेपुढे जाते आणि छायाचित्रातील त्वचेच्या छटा त्यातून तयार होतात. काळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो मुरत नाही, राळेच्या थरासारखा वर चिकटतो, म्हणून अक्षरांच्या कडा स्पष्ट येतात. शिवाय तीन रंग मिसळून केलेला काळा इन्फ्रारेड किरणांवर चालणाऱ्या वाचकयंत्राला दिसत नाही, त्यामुळे बारकोड याच पट्ट्याने छापावा लागतो. शेवटचा पारदर्शक पट्टा घासण्यापासून आणि उन्हापासून संरक्षण करतो.

या रचनेत खर्चाचे सगळे गणित दडलेले आहे. कार्डावर निळ्या रंगाचा एक ठिपका असो वा संपूर्ण निळी पार्श्वभूमी, निळसर पट्टा पूर्ण खर्ची पडतो, आणि नावातली एक वेलांटी चुकली तरी पाचही पट्टे व कोरे कार्ड वाया जाते. चुकलेल्या कार्डावर खाडाखोड करण्याची सोय नाही. म्हणूनच अनुभवी व्यावसायिक काम दोन भागांत तोडतात: संस्थेचे बोधचिन्ह, पत्ता, पार्श्वभूमी आणि मागच्या बाजूचे नियम हा सर्वांना समान असलेला मजकूर ऑफसेट यंत्रावर एकदाच हजारोंच्या संख्येने छापून घेतला जातो, आणि व्यक्तीगणिक बदलणारा मजकूर तेवढा नंतर कार्ड-प्रिंटरवर चढवला जातो. छायाचित्र नको असेल तर या दुसऱ्या टप्प्याला केवळ काळी रिबन पुरते. ती रंगीत रिबनच्या कित्येक पट कार्डे छापते आणि वेगही वाढतो. यंत्र महागडे घेऊन जे साधत नाही, ते पुष्कळदा या एका विभागणीने साधते.

महाराष्ट्रातील शाळांची ओळखपत्रे मात्र अनेक ठिकाणी या यंत्रावर छापलीच जात नाहीत. जूनमध्ये शाळा उघडताच हजारोंची मागणी एकदम येते, तेव्हा ए-फोर आकाराच्या पीव्हीसी शीटवर इंकजेट प्रिंटरने दहा-दहा कार्डे छापायची, पुढची बाजू, मधला गाभा, मागची बाजू आणि पारदर्शक थर उष्णता व दाबाने एकजीव करायचे आणि डाय कटरने कापून घ्यायचे, ही ‘ड्रॅगन शीट’ची पद्धत स्वस्त पडते. तिच्यात पुढची-मागची बाजू जुळवणे हे खरे कसब आहे, कारण शीट किंचित सरकली की दहाही कार्डे एकदम वाकडी येतात.

पद्धत कोणतीही असो, काम अडते ते यादीपाशी. एका बाजूचे रंगीत कार्ड साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर पडते. शाळेकडून आलेली यादी छपाईयोग्य करायला मात्र दिवस जातात. कोरलड्रॉसारख्या प्रणालीत एक्सेलच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ साच्यात आपोआप भरता येते, या क्रियेला ‘मर्ज’ म्हणतात. पण मर्ज तक्त्यातील चूक तितक्याच इमानाने कार्डावर उतरवते. 0047 हा नोंदणी क्रमांक एक्सेलमध्ये 47 होतो, बारा अंकी संख्या घातांकाच्या रूपात दिसू लागते, आणि सोळा अंकी संख्येचा शेवटचा अंक निमूटपणे शून्य होतो. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे आकडे भरण्यापूर्वीच तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून घेणे. नंतर रकाना बदलून हरवलेला अंक परत येत नाही. छायाचित्रांच्या फायलींनाही मुलांची नावे न देता नोंदणी क्रमांकच द्यावा लागतो, कारण एका तुकडीत एकाच नावाची दोन मुले असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. जुन्या संगणकीय फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक स्थानांवर बसवलेली असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर अख्खी यादी निरर्थक चिन्हांची दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावरही ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘बऱ्हाटे’ यांतला अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो, आणि जी प्रणाली जोडाक्षरे नीट जुळवत नाही तिच्यात ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी जातो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव एका ओळीत मावेनासे झाले की काही साचे अक्षरे आपोआप बारीक करतात आणि एकाच वर्गातील कार्डे वेगवेगळ्या आकाराच्या अक्षरांत निघतात. त्यापेक्षा लांब नावांसाठी दोन ओळींचा साचा आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. छपाईपूर्वी सगळी कार्डे लहान आकारात साध्या कागदावर काढून वर्गशिक्षकांची सही घेण्याचा प्रघात कंटाळवाणा वाटतो खरा, परंतु रिबन वाचवणारा याहून स्वस्त उपाय नाही.

यंत्राची निगा त्यामानाने सोपी आहे. कार्डावर धुळीचा कण राहिला तर तिथे पांढरा ठिपका येतो. हेडचा एक तापबिंदू निकामी झाला तर प्रत्येक कार्डावर त्याच जागी आडवी बारीक पांढरी रेघ उमटते. ठिपका साफसफाईने जातो. रेघ दिसली की मात्र हेड बदलावे लागते, आणि तो यंत्रातील सर्वांत महागड्या भागांपैकी एक असतो. कार्डे कडेने धरणे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले सफाई-कार्ड ठरावीक काळाने फिरवणे एवढ्यावर हेडचे आयुष्य अवलंबून असते.

छपाई सुलभ झाली की तिचा अधिकार कोणाला, हा प्रश्न येतोच. आधार प्राधिकरणाने 2018 मध्ये खासगी दुकानांतून छापलेल्या प्लास्टिकच्या आधार कार्डांविषयी इशारा देताना अशा छपाईत क्यूआर कोड निकामी होऊ शकतो आणि माहिती फुटू शकते, अशी दोन कारणे दिली होती. 2020 मध्ये प्राधिकरणाने स्वतःच 50 रुपये शुल्कात पीव्हीसी कार्ड देण्यास सुरुवात केली. माहिती फुटण्याची वाट तर दुकानाच्या कचऱ्यातूनही जाते. वापरलेल्या रिबनच्या काळ्या पट्ट्यावर जिथून अक्षर उचलले गेले तिथे पारदर्शक खिडकी उरते, आणि ती फीत उजेडात धरली तर छापलेली नावे व क्रमांक ओळीने वाचता येतात. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023’ नुसार माहिती गोळा करणारी संस्था तिच्या वतीने काम करणाऱ्याच्या हातून होणाऱ्या वापरालाही जबाबदार असते. त्यामुळे छपाईचे काम बाहेर देताना दरपत्रकात कार्डाच्या भावाखाली जुन्या रिबनचे तुकडे करण्याची आणि काम संपताच यादी संगणकावरून पुसण्याची अट लिहून घेणे संस्थांना भाग आहे.