मोटारीच्या छतावरील उपग्रह अँटेना नव्या स्टिरिओला जोडता येतो का?

पानिपतच्या तिसऱ्या लढाईतील वीरांना अभिवादन करण्यासाठी दरवर्षी १४ जानेवारीला काला आंब येथे अनेक मराठी भाषक जमतात. दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरचा हा प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून होतो, आणि तो नेमका दाट धुक्याच्या दिवसांत येतो. पानिपत शहरावरून जाणाऱ्या उन्नत मार्गावर चढायचे की खालच्या रस्त्याने शहरात शिरायचे, हे चालकाला आधीच ठरवावे लागते. पाट्या दिसेनाशा झाल्या की त्याची भिस्त नकाशावर आणि रेडिओवर राहते. मोटारीतील मूळ स्टिरिओ काढून बाजारातील नवा बसवला असेल, तर ही दोन्ही साधने नेमकी अशा वेळी निकामी ठरू शकतात. छतावरील अँटेना नव्या यंत्राशी नीट जोडलेला नसणे, हे त्याचे एक प्रमुख कारण असते.

एका आवरणात अनेक अँटेना

अनेक आधुनिक मोटारींच्या छतावर माशाच्या कल्ल्यासारखा उंचवटा असतो. त्यात एफएम रेडिओ, जीपीएस आणि मोबाइल दूरसंचार यांचे स्वतंत्र अँटेना असू शकतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारींत उपग्रह रेडिओचा अँटेनाही याच आवरणात असतो.

तेथील सिरियस एक्सएम सेवा २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. तेथे मूळ अँटेना नव्या उपग्रह रेडिओ संचाला योग्य जोडणीच्या साहाय्याने बहुधा जोडता येतो. भारतात मात्र तशी मोटार आणली, तरी या अँटेनाला ग्रहण करण्याजोगे काही मिळत नाही. वर्ल्डस्पेसची उपग्रह रेडिओ सेवा मार्च २००० मध्ये सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून भारतात ऐकता येत असे. तिच्यावर मराठी वाहिनीही होती. ३१ डिसेंबर २००९ रोजी ती सेवा बंद झाली. त्यामुळे आपल्याकडे पुन्हा वापरण्याजोगा उपग्रह अँटेना म्हणजे प्रामुख्याने जीपीएसचा होय.

तीन गोष्टी जुळणे आवश्यक

पहिली गोष्ट वारंवारतेची. जीपीएसचा मुख्य नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. उपग्रह रेडिओचा अँटेना त्यासाठी चालत नाही. वारंवारता तर वेगळी असतेच, शिवाय जीपीएसच्या लहरी उजवीकडे फिरत येतात आणि सिरियस एक्सएमच्या डावीकडे.

दुसरी गोष्ट विजेची. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा संदेश अतिशय क्षीण होतो. म्हणून अँटेनाच्या बुडाशीच लहान वर्धक बसवलेला असतो. त्याला लागणारी वीज संदेश वाहून आणणाऱ्या त्याच तारेतून ग्राहक यंत्र पुरवते. हा दाब सामान्यतः ३ ते ५ व्होल्ट असतो. नवे यंत्र वीज देत नसेल, तर उत्तम अँटेनाही मृतवत राहतो.

तिसरी गोष्ट जोडाची. मोटार उद्योगात फाक्रा पद्धतीचे रंगीत जोड वापरतात. जीपीएससाठी निळा आणि उपग्रह रेडिओसाठी करी नावाचा मातकट पिवळा रंग ठरलेला आहे. बाजारातील अनेक स्टिरिओंना पेचाचा एसएमए जोड असतो; त्यासाठी जोडपट्टा मिळतो. फिकट निळसर रंगाचा सार्वत्रिक जोड कोणत्याही खोबणीत बसतो. त्यामुळे जोड बसला म्हणजे अँटेना चालेलच, असे समजणे चुकीचे ठरते.

एफएमचा आवाज का क्षीण होतो?

स्टिरिओ बदलल्यावर दूरचे एफएम केंद्र खरखरू लागते, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अनेक मोटारींत एफएम अँटेनाच्या वर्धकालाही मूळ स्टिरिओ तारेतूनच वीज पुरवत असे. बाजारातील बहुतेक स्टिरिओ ती तारेतून देत नाहीत. त्यांच्या मागे अँटेनासाठी निळी तार असते आणि तिच्यात १२ व्होल्टचा दाब येतो. वीज मिसळणारा विशेष जोडपट्टा या तारेला जोडल्यास वर्धक पुन्हा सुरू होतो. दिल्लीपासून दूर जाताना, तसेच रोहतक किंवा कुरुक्षेत्र येथील आकाशवाणी केंद्रे ऐकताना हा फरक जाणवतो.

जोडण्यापूर्वी काय तपासावे?

नव्या स्टिरिओच्या जीपीएस जोडाचा मधला भाग आणि बाहेरील कडे यांमधील विद्युतदाब मल्टिमीटरने मोजावा. तो मूळ अँटेनाला चालणारा आहे याची खात्री करावी. त्यानंतर मोटार मोकळ्या आकाशाखाली उभी करून पडद्यावर किती उपग्रह दिसतात, हे पाहावे. स्थान निश्चित होण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. धुक्यामुळे या लहरींना जवळजवळ अडथळा होत नाही. अडचण आली, तर दोष जोडणीत शोधावा.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. काही मोटारींत हाच जीपीएस अँटेना अपघातानंतर मदत मागवणाऱ्या किंवा वाहनाचा माग काढणाऱ्या यंत्रणेलाही संदेश पुरवतो. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांत अशी माग काढणारी उपकरणे नियमानेच बसवलेली असतात. त्यांची तार काढून स्टिरिओला जोडल्यास नकाशा चालेल, परंतु संकटात वाहनाचे ठिकाण कळणार नाही. अशा वाहनासाठी जीपीएसचा लहानसा स्वतंत्र अँटेना काचेजवळ बसवणे, हाच सुरक्षित पर्याय ठरतो.